अकरा हजारांत दोन शॉकअप, डिस्क ब्रेक आणि २१ गिअर: घ्यावी का ही सायकल?

नमस्कार. तुमची गोष्ट आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर तुमच्या लक्षात येईल.

तुम्ही अंबाजोगाईजवळ राहता, शाळेवर शिक्षक आहात. उंची ५ फूट ७ इंच, वजन ८२ किलो. शाळा ९ किलोमीटरवर, त्यातले ३ किलोमीटर पाणंद. पाठीवर दप्तर आणि डबा. रविवारी मुकुंदराजाच्या समाधीकडं उतरून परत चढायचं, अंगात दम आला की बालाघाटाच्या डोंगरात आणखी आत शिरायचं. बजेट १५ हजार, फार ताणलं तर १७. आणि ऑनलाइन ११ हजारांत पुढं-मागं शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क, २१ गिअर असलेली सायकल दिसली आहे. एवढं सगळं एवढ्यात मिळतंय, तर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. पण एवढंच म्हणून थांबलो तर मग कोणती घ्यायची हा प्रश्न तुमच्याजवळ तसाच राहील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लातुरात सायकली दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. विकतोही, पण घर चालतं ते दुरुस्तीवर. त्यामुळं सायकल शोरूममध्ये कशी दिसते यापेक्षा दोन पावसाळे खाल्ल्यावर कशी दिसते, तेच माझ्या जास्त नजरेत असतं.

आपल्याकडं जाड टायरच्या कुठल्याही सायकलीला सरसकट 'रेंजर' म्हणतात, आणि तिचा शत्रू म्हणजे दगड-धोंडे असं गृहीत धरतात. माझ्या बाकड्यावर येणाऱ्या सायकली दगडावरून उडी मारून मोडलेल्या नसतात. त्या येतात बाभळीच्या काट्यानं, सराट्यानं, श्रावणातल्या काळ्या चिखलानं आणि मे महिन्याच्या उन्हानं. आणि कितीतरी सायकली नुसत्या एका सुट्या भागासाठी भिंतीला टेकून पडलेल्या असतात. तुमच्या जागी मी असतो तर जाहिरातीतली यादी बाजूला ठेवून या पाच गोष्टींवर सायकल पारखली असती.

आता ती ११ हजारांची. मागं चांगला शॉकअप असलेल्या सायकलीत स्प्रिंगची उसळी दाबायला तेलाची किंवा हवेची सोय असते, आणि तसा एक शॉकअपच कित्येकदा तुमचं पूर्ण बजेट खाऊन टाकतो. ११ हजारांत मिळते ती नुसती स्प्रिंग. मोटरसायकलीला इंजिन असतं, तिथं हे खपून जातं. सायकलीचं इंजिन म्हणजे तुमच्या मांड्या. चढावर प्रत्येक पायडलला सीट खाली दबते, वर येते, आणि तुमचा काही जोर स्प्रिंग हलवण्यात जातो. पुन्हा मागचा भाग जिथं हलतो तिथं बुश असतात. त्यात धूळ शिरली की वर्ष-दीड वर्षात ते ढिले पडतात आणि मागचं चाक शेपटीसारखं हलायला लागतं. ते बुश बाजारात सुटे मिळत नाहीत, लेथवर करून घ्यावे लागतात. एवढं करून सायकलीचं वजन १८ किलोच्या पुढं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

हे मी दुसऱ्याच्या चुकीवरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर अशा बारा सायकली मीच दुकानात भरल्या होत्या. दिसायला झकास, आठवड्यात संपल्या. गुढीपाडव्यापर्यंत त्यातल्या सात परत दुकानात उभ्या होत्या, आणि गिऱ्हाइकांशी बोलताना मला मान वर करवत नव्हती. तेव्हापासून दोन शॉकअपची स्वस्त सायकल ठेवत नाही.

पुढच्या शॉकअपला माझा तेवढा विरोध नाही, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. या किमतीतला स्प्रिंगचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा लोखंडी चिमटा किलोभराचा. पाणंदीतल्या गाडीवाटेचे जे बारीक धक्के हाताला बसतात, ते २.१ इंची टायर थोडी कमी हवा ठेवून जवळपास तेवढेच पचवतो. साधा चिमटा आणि जाड टायर असलेली सायकल मिळाली तर मी ती निवडीन. दुकानदार शॉकअपचीच दाखवत असेल तर चढावर शॉकअप लॉक करायची कळ आहे का ते बघा, आणि पुढचा ब्रेक दाबून हँडल मागं-पुढं हलवा. नव्या सायकलीतच खटखट लागत असेल तर ती तिथंच सोडा.

माझ्या मते स्वस्त सायकलीत पैसा जावा तो चाकात. ८२ किलोचे तुम्ही, पाच-सहा किलोचं दप्तर, खाली पाणंद. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाची जी तक्रार माझ्याकडं सगळ्यात जास्त येते ती मागच्या एक्सलची, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांडीची. एक्सल वाकतो नाहीतर तुटतो, आणि नेहमी चेनच्या बाजूनं. त्याचं कारण असं: मागचे गिअर बसवायच्या दोन पद्धती आहेत. फ्रीव्हील पद्धतीत दातऱ्यांचा सगळा गड्डा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसतो, त्यामुळं उजव्या बाजूचे बेअरिंगचे छर्रे गड्ड्याच्या आत, मधल्या बाजूला राहतात आणि त्यांच्या बाहेर एक्सलचा लांब तुकडा आधाराविना लोंबतो. सात दातऱ्यांचा गड्डा, जड माणूस, खड्डा, झालं. कॅसेट पद्धतीत छर्रे अगदी बाहेरच्या टोकाला असतात, एक्सलला आधार मिळतो.

दुकानदाराला विचारलं तर तो बहुतेक 'एकच असतं हो' म्हणेल. तुम्हीच बघा. मागचं चाक उचला आणि पायडल उलटं फिरवा. दातऱ्यांच्या मधोमध खाचा असलेली जी गोल कडी दिसते ती दातऱ्यांबरोबर फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. १५ हजारांत नवी कॅसेटवाली सायकल मिळणं कठीण आहे, पण आठ दातऱ्यांची काही मॉडेलं मिळतात. मिळाली तर गिअरची संख्या, रंग, स्टिकर सगळं विसरून तीच घ्या. नाहीच मिळाली तर फ्रीव्हीलवाली घ्या आणि एक चांगला एक्सल घरात ठेवून द्या. रिम मात्र दुहेरी भिंतीची, म्हणजे डबल वॉलचीच. एकेरी रिम तुमच्या वजनाखाली दर दोन महिन्यांनी आउट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला, आणावी लागेल.

ब्रेकचं उत्तर तुमच्या पाणंदीवर अवलंबून आहे, आणि ती मुरमाची की काळ्या मातीची हे तुम्ही लिहिलेलं नाही. मुरमाची असेल आणि पावसात तुम्ही डांबरी रस्त्यानं फिरून जाणार असाल, तर चांगल्या मेकचा व्ही ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा, उत्तम. रबर कुठंही मिळतं, बदलायला पाच मिनिटं, तेही घरी. काळी माती असेल तर गणित उलटं. ती माती रिमला, रबराला, चिमट्याच्या खांद्याला अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं, आणि सुटली तरी वाळूसारखी रिम घासत राहते. डिस्क चिखलापासून वर असते, चाक थोडं आउट झालं तरी घासत नाही. तिथं मी तारेवर चालणारी डिस्क घेईन, टेक्ट्रो किंवा शिमानो कंपनीच्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची. नाव नसलेली डिस्क ही फक्त दाखवायची वस्तू असते. आणि सायकल घ्याल त्याच दिवशी त्याच आकाराचे पॅडचे दोन जोड घ्या, कारण पॅडचे आकार वेगवेगळे असतात आणि तालुक्याच्या गावी नेमका आपलाच नसतो.

तेलाची, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क थांबण्यात सगळ्यात चांगली, यात वाद नाही. पण शिमानो, टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं, आणि मोटरसायकलच्या गॅरेजवाल्याकडं असतं ते डॉट ऑइल. तो बिचारा चांगल्या मनानं तेच भरून देतो आणि आतली रबरी सीलं फुगून ब्रेक कायमचा जातो. असे ब्रेक माझ्याकडं अधूनमधून येतात आणि बहुतेक वेळा काहीच करता येत नाही. जवळ सायकलीचा जाणकार मेकॅनिक नसेल तर या वाटेला जाऊ नका.

गिअरचं थोडक्यात. २१ या आकड्याला भुलू नका. पुढं तीन, मागं सात म्हणजे २१ होतात खरे, पण त्यातले बरेच एकमेकांसारखेच असतात. बघायचा तो सगळ्यात हलका गिअर. जुन्या काळ्या सायकलीला पुढं ४४ दाते, मागं १८ असले की पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर जाते. गिअरच्या सायकलीत पुढं २४, मागं २८ लावले तर २७.५ इंची चाक एका फेऱ्यात १ मीटर ८५ सेंटीमीटरच्या आसपास जातं, आणि मागं ३४ दात्यांची मोठी दातरी असेल तर दीड मीटर. मुकुंदराजाहून वर येताना तो फूटभराचा फरक गुडघ्यांना कळतो. म्हणून दुकानात मागच्या मोठ्या दातरीचे दाते मोजा, ३४ असतील तर बरं. शिमानोच्या गिअरच्या संचांत टूर्नी हे सगळ्यात खालचं, त्याच्या वर अल्टस, मग असेरा. टूर्नी वाईट नाही. तुमच्या वापराला ते पुरेल. आणि चेन एका दातरीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या कानाला लटकतो तो कान, म्हणजे हँगर, सुटा असेल तर एक जादा मागून घ्या. सायकल उजव्या बाजूला पडली की आधी तोच वाकतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो.

चाकाचा आकार २७.५ इंच तुमच्या उंचीला बसतो, २६ ही चालेल. इथं एक खाच आहे. २६ इंची म्हणून दुकानात दोन वेगळी चाकं मिळतात. रेंजरचं २६ x १.९५ किंवा २.१, आणि लेडीज सायकलीचं २६ x १ ३/८. हे टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. टायरच्या कडेला छापलेलं वाचा: रेंजरला ५५९ असतं, दुसऱ्यावर ५९०. अडचणीत २६ इंची जाड ट्यूब २७.५ च्या टायरमध्ये ताणून बसते. मी कित्येकांना अशी बसवून घरी पाठवलं आहे. २९ इंची चाक खडबडीत रस्त्यावर छान पळतं, पण त्याचं टायर तुमच्या गावात मिळतं का ते आधी दुकानात जाऊन विचारा, मग विकत घ्यायचा विचार करा.

फ्रेमची उंची १७ इंच, मेकप्रमाणे १८ पर्यंत. दुकानात दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहा. दांडा आणि तुमच्यामध्ये किमान दोन-तीन बोटं तरी जागा हवी, पाणंदीत अचानक उतरावं लागतं तेव्हा ती जागा उपयोगाला येते. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. गुडघेदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्यांची सीट मी आधी वर करतो, निम्म्यांची तक्रार तिथंच संपते.

आता काटे. हे बजेटमध्ये कुणीच धरत नाही. आपल्याकडं पाऊस सरला की सराटे वाळून रस्त्यावर येतात आणि पुढं पावसाळ्यापर्यंत सुटका नाही. बांधावरची बाभळ तर बारमाही. नवी सायकल घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात पाच-सहा पंक्चर काढतो, वैतागतो आणि पुन्हा मोटरसायकलवर बसतो. सायकल मोडत नाही, पण माणूस तिच्यावरून उतरतो. म्हणून पहिल्याच दिवशी दोन गोष्टी करून घ्या. टायरच्या आत लायनरची, म्हणजे काटा अडवणारी, पट्टी टाका. पट्टी नाही मिळाली तर जुनी ट्यूब लांबीत कापून टायर आणि ट्यूबच्या मध्ये अंथरा. आमच्या उस्तादांनी शिकवलेली ही युक्ती आजही चालते, फक्त टायर जरा जड होतं. दुसरं, ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर आतली सुई काढून एका ट्यूबमध्ये १००-१२० मिली भरता येतं. सराट्याचं भोक ते जागच्या जागी बुजवतं. काटा उपसायचा, चाक फिरवायचं, निघायचं. पण आपल्या उन्हात ते चार-पाच महिन्यांत वाळतं, तेव्हा दसऱ्याला एकदा आणि होळीच्या आसपास एकदा भरायचं असं धरून चला.

हवा तुमच्या वजनाला मागं ४० ते ४५ पीएसआय, पुढं पाच कमी. दगडासारखं टायर करून घेऊ नका, पाणंदीत हात बधिर होतील. अगदी कमीही नको, दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपून दोन भोकं पडतात. ती सीलंटनं बुजत नाहीत.

तुम्ही विचारलेलं नाही, पण १५ हजारांत सगळ्यात जास्त ऐवज वापरलेल्या सायकलीत मिळतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुष्कळांनी हौसेनं चांगल्या सायकली घेतल्या आणि त्यातल्या कितीतरी लातूर, संभाजीनगर, पुण्याच्या गॅलऱ्यांत कपडे वाळवायच्या कामाला लागल्या आहेत. नव्यात २५-२८ हजारांच्या जातीची, अल्टस आणि कॅसेटवाली सायकल तुमच्या पैशांत बसू शकते. मात्र बैलबाजारात दात बघतात तसं बघून घ्या. हँडलच्या खालचा जोड आणि दोन्ही दांड्यांची वेल्डिंग नखानं चाचपा, रंगात केसाएवढी चीर असली तरी नको. चाक धरून आडवं हलवा. चेनच्या बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) मोजपट्टीवर बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १२ इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, झालं असेल तर चेन गेली, बहुधा दातऱ्याही गेल्या, तेवढे पैसे किमतीतून कमी करा. आणि पायडलच्या खोबणीखाली, फ्रेमच्या बुडाला नंबर ठोकलेला असतो. तो खरवडलेला असेल तर सायकल चोरीची समजा आणि मागं फिरा. मूळ बिल मागायला लाजू नका.

ऑनलाइन मागवायचीच झाली तर ती खोक्यात ८५ टक्के जोडलेली येते. उरलेलं १५ टक्के शेजारच्या पोरानं पान्यानं जोडलं की आमचा धंदा सुरू. डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे माहीत नसल्यानं ताकद लावून क्रँकचेच, म्हणजे पायडल बसतं त्या दांडीचेच, आटे घालवलेल्या नव्याकोऱ्या सायकली मी बघितल्या आहेत. चिमटा उलटा बसवलेलीही एक आली होती, मालक म्हणाला, 'वळायला जरा जड जातीय.' जोडणीचे चार-पाचशे रुपये मेकॅनिकला द्या. दुकानातून घेतली तर दीडशे किलोमीटरनंतरची पहिली सर्व्हिस फुकट मागा. नव्या चाकाच्या तारा तेव्हाच ढिल्या पडतात. किमतीचं बोलताना हेही लक्षात असू द्या की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. जुनी छापील किंमत तशीच लावलेली दिसली तर तेवढी घासाघीस हक्काची.

पैशांची विभागणी मी अशी करीन: सायकल साडेतेरापर्यंत. हेल्मेटला हजार-दीड हजार. लायनर, सीलंट, छोटा पंप, एक जादा ट्यूब, अॅलन पान्यांचा जुडगा आणि कुलूप यांना मिळून दोन. म्हणजे ताणलेल्या १७ च्या आत सगळं बसतं. १५ च्या वर एक रुपयाही जायला नको असेल तर सायकल साडेअकरा-बाराची घ्या, पण काट्यांचे पैसे कापू नका. त्या पैशांत साधा चिमटा, व्ही ब्रेक, पुढं एकच दातरी आणि मागं सात-आठ गिअर असलेली सायकल मिळाली तर कमीपणा मानू नका. माझी स्वतःची तशीच आहे. फक्त तिच्यावर दातऱ्यांचा हिशोब करून बघा, पुढं ३२ आणि मागं ३४ च्या आसपास असेल तर चढ निघतो.

धुण्याबद्दल एकच: वॉशिंग सेंटरच्या प्रेशरखाली सायकल धरू नका, हबातलं ग्रीस वाहून जातं. काळा चिखल वाळू द्या, काडीनं पाडा, मग ओलं फडकं मारा. चेनला शिलाई मशीनचं पातळ तेल थेंब थेंब द्या आणि वरचं कोरडं पुसून काढा. इंजिन ऑइल ओतलेली चेन धूळ पकडते आणि कानशीसारखी दातऱ्या घासते. तेलाचा हात डिस्कला लागू देऊ नका.

जाताना दप्तर आणि डबा बरोबर न्या. फ्रेमला कॅरिअरची भोकं आहेत का, डिस्कच्या कॅलिपरला कॅरिअरचा पाय अडतो का, हे तिथंच लावून बघा. पाठीवर सहा किलो घेऊन ९ किलोमीटर जाण्याचा उत्साह जूनपर्यंत टिकत नाही. आणि पाणंद मुरमाची की काळ्या मातीची तेवढं कळवा, ब्रेकचं मग नक्की सांगतो.